ब्रॅम फिशर यांची सनद

एप्रिल १९६४. प्रिटोरियाच्या न्यायालयात नेल्सन मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यातून जे निवेदन करणार होते, त्याचा मसुदा त्यांच्या मुख्य वकिलांच्या हाती आला. शेवटचा परिच्छेद वाचून वकील धास्तावले. ज्या ध्येयासाठी जगलो, त्यासाठी मरायचीही तयारी आहे, असं मंडेला भर कोर्टात सांगणार होते, आणि ज्या कायद्याखाली खटला चालू होता त्यात फाशीची तरतूद होती. म्हणजे न्यायाधीशांना आयतंच आमंत्रण. वकिलांनी मसुदा हॅरल्ड हॅन्सन या ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवला. हॅन्सन म्हणाले, हे वाचलं तर त्याला थेट कोर्टाच्या मागे नेऊन लटकवतील. वकील पुन्हा मंडेलांकडे गेले, तेवढा शेवट गाळा म्हणून विनवू लागले. मंडेला बधले नाहीत. जॉर्ज बिझोस या दुसऱ्या वकिलांच्या सूचनेवरून ‘वेळच आली तर’ अशा अर्थाची पुस्ती तेवढी त्यांनी जोडू दिली.

ते भाषण आज जगभर ऐकलं जातं. ते करू नका म्हणून विनवणाऱ्या वकिलांचं नाव अब्राहम फिशर. घरीदारी सगळे त्यांना ब्रॅम म्हणत. मंडेला फासावर गेले नाहीत, याचं बरंचसं श्रेय त्यांच्या बचावाच्या आखणीला जातं. पुढे दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत त्याच प्रिटोरियात ब्रॅम स्वतः पिंजऱ्यात उभे होते आणि त्यांनाही जन्मठेप झाली. दरम्यान त्यांच्या वकील-बंधूंनी कोर्टात जाऊन त्यांची सनद काढून घेतली होती.

त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणींमध्ये दोन गोष्टी हटकून येतात. एक, एवढा सभ्य वकील पाहिला नाही. दुसरी, एवढा कुटुंबवत्सल माणूस पाहिला नाही. क्रांतिकारकाच्या वर्णनात ही विशेषणं सहसा बसत नाहीत, म्हणूनच या माणसाकडे थोडं निवांत पाहावं लागतं.

ब्रॅम यांचा जन्म २३ एप्रिल १९०८ चा, ब्लूमफाँटेनचा. घराणं आफ्रिकानर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचं. आणि त्यातही अगदी वरच्या पायरीवरचं. आजोबा अब्राहम फिशर हे ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान होते. वडील पर्सी फिशर वकील होते, पुढे फ्री स्टेट प्रांताच्या न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश झाले. बोअर युद्धात इंग्रजांनी आपल्या लोकांवर केलेल्या अत्याचारांच्या आठवणी या घरात ताज्या होत्या. ब्रॅम रग्बी उत्तम खेळत. न्यूझीलंडचा संघ १९२८ मध्ये आला तेव्हा फ्री स्टेटकडून त्याच्याविरुद्ध ते खेळले. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. पोरगा एक दिवस देशाचा पंतप्रधान होणार किंवा गेला बाजार सरन्यायाधीश तरी, असं ब्लूमफाँटेनमधल्या लोकांना वाटत असे. ते वाटणं अवाजवी नव्हतं.

मग हा माणूस वर्णभेदाच्या विरोधात कसा गेला? त्यांनीच पुढे कोर्टात सांगितलेली एक हकीकत आहे. लहानपणी शेतावर त्यांच्याच वयाची दोन काळी मुलं त्यांचे सवंगडी होते. मातीचे बैल करायचे, शिकारीला जायचं, पोहायचं. रंगाचा प्रश्न डोक्यात आलाच नाही. तरुणपणी ब्लूमफाँटेनमध्ये गोऱ्या-काळ्यांच्या एका संयुक्त मंडळाच्या बैठकीला ते गेले. तिथे एका काळ्या सदस्याशी हस्तांदोलन करायची वेळ आली आणि हात पुढे करायला त्यांना विलक्षण जड गेलं. त्या रात्री ते कितीतरी वेळ विचार करत राहिले. लहानपणच्या सवंगड्यांचा हात धरताना काही वाटलं नव्हतं, मग आज काय झालं? काळा माणूस तर बदललेला नाही. बदललो आपण. अशा प्रसंगानंतर बहुतेक लोक स्वतःची समजूत घालून झोपी जातात. ब्रॅम मात्र काळ्यांच्या वस्तीत रात्रशाळेत शिकवायला जाऊ लागले.

१९३७ मध्ये त्यांचं मॉली क्रिगे हिच्याशी लग्न झालं. मॉलीसुद्धा नामांकित आफ्रिकानर घराण्यातली. जनरल स्मट्स यांच्या पत्नीची ती सख्खी भाची. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींची ज्यांच्याशी गाठ पडली, तेच हे स्मट्स. जोहान्सबर्गच्या ओकलंड्स भागात, ब्यूमाँट स्ट्रीटवर या जोडप्याने घर बांधलं. रूथ आणि इल्से या दोन मुली, आणि पॉल हा मुलगा. घराला बाग आणि मागे पोहण्याचा तलाव.

या तलावाविषयी थोडं सांगायला हवं. जोहान्सबर्गच्या गोऱ्या उपनगरांत तलाव असणं ही काही विशेष गोष्ट नव्हती. फिशरांच्या तलावात मात्र काळी, गोरी आणि भारतीय वंशाची मुलं एकत्र डुंबत. रविवारी दुपारी घर माणसांनी भरलेलं असे. काळ्या माणसाला दारूचा पेला देणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता. या घरात तो गुन्हा सर्रास घडे. घरात काम करणाऱ्या बाईंची भाची लहानपणी आईला पारखी झाली, तेव्हा फिशरांनी तिला आपल्या मुलींबरोबर वाढवलं. देशात जे कुठेच शक्य नव्हतं ते या एका अंगणात चालत असे, आणि पोलिसांच्या मोटारी फाटकाबाहेर उभ्या राहून नंबर टिपून घेत असत.

धाकट्या पॉलला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार होता. यात फुप्फुसात आणि पचनसंस्थेत चिकट स्राव साचत जातो, वरचेवर जंतुसंसर्ग होतो. त्या काळात अशी मुलं फार जगत नसत. पॉल जगला तो आई-वडिलांनी वर्षानुवर्षं केलेल्या शुश्रूषेच्या बळावर. मॉलीने शिक्षिकेची नोकरी केली, राजकारण केलं, १९६० च्या आणीबाणीत तुरुंगवास भोगला, आणि हे सगळं करताना हे मूल सांभाळलं. त्या तुरुंगवासाच्या काळात घर ब्रॅम यांनी चालवलं.

आता वकिलीकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेत वकिलांच्या दोन शाखा होत्या. अशील थेट अ‍ॅटर्नीकडे जातो, कागदपत्रं तो करतो. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करतो तो अ‍ॅडव्होकेट. मुंबई हायकोर्टातली जुनी सॉलिसिटर आणि कौन्सेलची जोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच कळेल. ब्रॅम अ‍ॅडव्होकेट होते आणि १९५१ मध्ये त्यांना ज्येष्ठ वकिलाचा दर्जा मिळाला. त्यांची प्रॅक्टिस होती ती मुख्यतः खाणींच्या कज्ज्यांची. सोन्याच्या खाणी चालवणाऱ्या बड्या कंपन्या, पाण्याचे हक्क, पेटंटचे वाद. दिवसा भांडवलदारांचे खटले आणि रात्री कम्युनिस्ट पक्षाचं काम, असा हा दुहेरी संसार. पक्षावर १९५० मध्ये बंदी आली, त्यानंतरचं काम गुप्तपणे. खाणमालकांना त्यांचे विचार माहीत होते. तरीही ते त्यांच्याकडेच येत, कारण कागद बारकाईने वाचणारा आणि कोर्टाची दिशाभूल न करणारा वकील त्यांना हवा होता.

राजकीय खटले ते फी न पाहता घेत. डिसेंबर १९५६ मध्ये सरकारने १५६ जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. त्यात मंडेला होते, वॉल्टर सिसुलू होते. इस्रायल मेझल्स यांच्या नेतृत्वाखालच्या बचावाच्या चमूत ब्रॅम होते. खटला रेंगाळत मार्च १९६१ पर्यंत चालला आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले. सरकारने यातून एक धडा घेतला: कायदाच असा करायचा की सुटायला वाव राहणार नाही. १९६२ मध्ये घातपातविरोधी कायदा आला. पुढच्या वर्षी कुणालाही आरोपाशिवाय नव्वद दिवस डांबून ठेवण्याची मुभा पोलिसांना मिळाली. मधल्या काळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली होती आणि मंडेला वगैरे मंडळींनी सशस्त्र शाखा काढून सरकारी मालमत्तेवर बाँब टाकायला सुरुवात केली होती.

११ जुलै १९६३ रोजी जोहान्सबर्गजवळच्या रिव्होनिया इथल्या लिलीजलीफ शेतावर धोबीखान्याची एक गाडी आली. आत पोलीस होते. सिसुलू, गोव्हन म्बेकी, अहमद कथराडा अशी भूमिगत मंडळी एकाच घरात सापडली, आणि त्याबरोबर कागदांचा ढीग. मंडेला आधीपासूनच दुसऱ्या शिक्षेसाठी तुरुंगात होते. त्यांच्या हस्ताक्षरातले कागद मिळाल्यामुळे तेही आरोपी क्रमांक एक झाले.

जोएल जॉफी हे तरुण अ‍ॅटर्नी ब्रॅम यांच्याकडे गेले आणि बचावाचं नेतृत्व करा म्हणाले. ब्रॅम आढेवेढे घेऊ लागले. जॉफींना कळेना, हा माणूस मागे का सरतोय? कारण असं होतं की त्या शेतावरच्या गुप्त बैठकांना ब्रॅम स्वतः हजर असत. जप्त झालेल्या कागदांपैकी काही त्यांच्याच हस्ताक्षरातले होते. शेतावरचे मजूर साक्षीला उभे राहिले तेव्हा ब्रॅम समोर असते, तर त्यांनी वकिलांकडेच बोट दाखवलं असतं. म्हणून मजुरांच्या साक्षी झाल्या त्या दिवशी ब्रॅम दुसऱ्या कामाचं निमित्त सांगून कोर्टात आले नाहीत. आपल्यालाही याच पिंजऱ्यात उभं करता येईल एवढा पुरावा समोरच्या टेबलावर पडलेला असताना ते आठ महिने शांतपणे युक्तिवाद करत राहिले. वकिलीच्या शिष्टाचाराच्या दृष्टीने यावर आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण दुसरा कुठला ज्येष्ठ वकील तेव्हा रांगेत उभा नव्हता.

सुरुवात त्यांच्या बाजूने झाली. सरकारी वकील पर्सी युटार यांनी घाईघाईत केलेल्या आरोपपत्राची ब्रॅम यांनी चिरफाड केली. मंडेलांवर लावलेली काही घातपाताची कृत्यं ज्या तारखांची होती, त्या तारखांना मंडेला सरकारच्याच तुरुंगात होते! न्यायमूर्ती क्वार्टस डी वेट यांनी ३० ऑक्टोबर १९६३ रोजी आरोपपत्र रद्द केलं. आरोपींना कोर्टातच पुन्हा अटक झाली आणि नवं आरोपपत्र आलं.

खरा प्रश्न पुढेच होता. आरोपी तर काहीच नाकारायला तयार नव्हते. घातपात केला, हो केला. तो का केला हेच त्यांना सांगायचं होतं. अशा अशिलांचा बचाव करायचा कसा? ब्रॅम आणि त्यांच्याबरोबरचे बिझोस, आर्थर चास्कल्सन, व्हर्नन बेरांजे यांनी ठरवलं की जे खरं आहे ते कबूल करायचं, आणि सगळी ताकद एका मुद्द्यावर लावायची. शेतावर ‘ऑपरेशन मायिबुये’ नावाचा गनिमी युद्धाचा आराखडा सापडला होता. ही योजना संघटनेने मंजूर केली आहे, असं सरकारचं म्हणणं. हे सिद्ध झालं असतं तर देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचाच तो पुरावा ठरला असता आणि फाशी जवळपास अटळ झाली असती. बचाव पक्षाने दाखवून दिलं की हा निव्वळ मसुदा होता, त्यावर नेत्यांतच मतभेद होते, आणि निर्णय झालेला नव्हता. सिसुलू यांनी पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीचे दिवसच्या दिवस झेलले आणि हा मुद्दा सोडला नाही. मंडेलांनी साक्ष न देता निवेदन करायचं ठरवलं. निवेदनाला कायद्याने पुराव्याचं वजन कमी, पण उलटतपासणी नाही. सांगायचं ते सलग सांगता येतं.

आरोपींना भेटण्याच्या खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रं असणार, असा सगळ्यांना संशय होता. त्यामुळे महत्त्वाचं बोलणं चिठ्ठ्यांवर होई आणि चिठ्ठ्या अ‍ॅशट्रेमध्ये जाळल्या जात. मंडेलांनी आत्मचरित्रात एक किस्सा दिला आहे. स्वॅनपूल नावाचा पोलीस अधिकारी दारातून टेहळणी करत असताना म्बेकींनी मोठ्या गांभीर्याने एक चिठ्ठी लिहिली आणि जाळण्यासाठी पुढे केली. अधिकाऱ्याने धावत येऊन ती हिसकावली. त्यात लिहिलं होतं, हा स्वॅनपूल दिसायला काय देखणा आहे, नाही?

११ जून १९६४ रोजी न्यायमूर्ती डी वेट यांनी निकाल दिला. गनिमी युद्धाचा निर्णय झाला नव्हता, हे त्यांनी मान्य केलं. एक जण निर्दोष सुटला. मंडेलांसह आठ जणांना १२ जूनला जन्मठेप झाली. कोर्टाबाहेर जमलेल्या लोकांनी शिक्षा ऐकून सुस्कारा सोडला. जन्मठेपेचा आनंद व्हावा, असे दिवस होते ते.

दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, ब्रॅम आणि मॉली केपटाउनला निघाले. इल्सेचा एकविसावा वाढदिवस तिथे साजरा करायचा होता. बरोबर एक स्नेही होती. संध्याकाळी फ्री स्टेटमधल्या रस्त्यावर समोरून मोटरसायकल आली, रस्त्यात एक गाय होती, ब्रॅम यांनी गाडी वळवली आणि ती पुलाजवळच्या खोल पाण्यात कोसळली. ब्रॅम आणि स्नेही बाहेर आले. मॉली मागच्या सीटवर होती, ती बाहेर आली नाही.

पुढच्या काही दिवसांतच ब्रॅम जॉफींबरोबर रॉबेन बेटावर गेले. अपील करायचं नाही, हा आरोपींचा निर्णय कायम आहे का, हे विचारायचं होतं. बोलणं संपल्यावर मंडेलांनी सहज विचारलं, मॉली कशी आहे? ब्रॅम यांनी तोंड फिरवलं आणि ते चालू लागले. नंतर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मंडेलांना सांगितलं की मॉली गेली. मंडेलांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. तुरुंगाने ते पाठवलंच नाही. अशिलासमोर आपलं दुःख काढायचं नाही, त्याचं ओझं आधीच पुरेसं आहे, असा ब्रॅम यांचा हिशेब असावा.

सप्टेंबर १९६४ मध्ये बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व या आरोपावरून ब्रॅम यांना अटक झाली. त्याच वेळी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एक पेटंटचा खटला त्यांना चालवायचा होता. बायर ही औषध कंपनी त्यात पक्षकार होती. असा आरोप असलेल्या माणसाला न्यायालयाने १०,००० रँडच्या जामिनावर परदेशी जाऊ दिलं! मी आफ्रिकानर आहे, माझं घर इथे आहे, मी परत येईन, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं होतं. लंडनमध्ये मित्रांनी परोपरीने विनवलं, आता जाऊ नका. काम उरकून ब्रॅम परत आले.

आणि मग २५ जानेवारी १९६५ रोजी ते कोर्टात आले नाहीत. हॅन्सन यांनी न्यायाधीशांना त्यांचं पत्र वाचून दाखवलं. शिक्षेच्या भीतीने मी पळत नाही. देशातच राहून या व्यवस्थेशी लढणार आहे, असा त्याचा आशय होता. दाढी, चष्मा आणि डग्लस ब्लॅक हे नवं नाव घेऊन ते जोहान्सबर्गमध्येच राहिले. जवळपास दहा महिने.

बार असोसिएशनने काही दिवसांतच त्यांचं नाव वकिलांच्या यादीतून काढावं म्हणून अर्ज केला. न्यायालयाला दिलेला शब्द मोडणारा माणूस वकील राहण्यास लायक नाही, हा त्यातला मुद्दा. नोव्हेंबरमध्ये अर्ज मंजूर झाला. ब्रॅम यांना जी गोष्ट सगळ्यात लागली, ती ही. पोलिसांकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. पण ज्या बारमध्ये सारी हयात काढली, ज्याच्या समितीवर काम केलं, त्याने खटल्याचा निकालही न पाहता अप्रामाणिक ठरवावं? कायद्याच्या काटेकोर अर्थाने बारचं म्हणणं चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. जामीन त्यांनी मोडलाच होता. पण नव्वद दिवसांच्या कोठडीत माणसं मरत असताना मूग गिळून बसलेल्या बारने या एका प्रकरणात दाखवलेली तत्परता नजरेत भरते. गांधीजींचं नाव लंडनच्या इनर टेंपलने १९२२ मध्ये असंच काढून टाकलं होतं. ते परत घ्यायला १९८८ साल उजाडावं लागलं.

नाव काढल्याला दहा दिवसही झाले नसतील, ११ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आई गेलेली, धाकटा मुलगा आजारी, आणि बाप स्वखुशीने भूमिगत होतो. याला कुटुंबवत्सल कसं म्हणायचं? ब्रॅम यांच्या टीकाकारांनी हे विचारलं आहे आणि चाहत्यांनी बहुधा टाळलं आहे. लंडनला राहिले असते तर मुलांना बाप मिळाला असता. मुलींनी मात्र बापाविरुद्ध तक्रार केली नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या त्याचं नाव पुन्हा उजळ व्हावं म्हणून झटल्या. ज्या घरात लहानपणापासून रंग न पाहता सगळ्यांना जागा मिळाली, त्या घरातल्या मुलींना बापाचं वागणं घराशी विसंगत वाटलं नसावं. मला हे उत्तर पुरेसं वाटतं, पॉलच्या बाबतीत मात्र तितकंसं नाही.

२८ मार्च १९६६ रोजी ब्रॅम यांनी पिंजऱ्यातून निवेदन केलं. हस्तांदोलनाची हकीकत त्यांनी सांगितली ती याच वेळी. आपल्या आफ्रिकानर असण्याचा त्यांनी इन्कार केला नाही. उलट, आफ्रिकानरांपैकी निदान एकाने तरी या अन्यायाविरुद्ध उघडपणे उभं राहायला हवं होतं, असं सांगितलं. मे महिन्यात जन्मठेप झाली.

गोऱ्या राजकीय कैद्यांना प्रिटोरियात ठेवत. अठ्ठावन्न वर्षांच्या या माजी ज्येष्ठ वकिलाला संडास घासायला लावलं जाई. पहिली काही वर्षं सहा महिन्यांत एक भेट आणि एक पत्र. त्याच तुरुंगात डेनिस गोल्डबर्ग होते, रिव्होनिया खटल्यातले एकमेव शिक्षा झालेले गोरे आरोपी. ज्यांचा बचाव केला, त्या अशिलाबरोबर वकील आता गजाआड.

जानेवारी १९७१ मध्ये पॉल गेला. तेवीस वर्षांचा होता. ब्रॅम यांच्या भावाने भेटीच्या वेळी येऊन त्यांना सांगितलं. अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी मिळाली नाही.

१९७४ मध्ये त्यांना कर्करोगाने गाठलं. त्यातच ते पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बरेच दिवस त्याकडे तुरुंगाने धड लक्षही दिलं नाही. त्यांना उचलून नेणं, धुणं-पुसणं, भरवणं हे गोल्डबर्ग यांनी केलं आणि औषधोपचारातल्या हेळसांडीची टिपणंही त्यांनीच ठेवली. ती टिपणं बाहेर पोचली. देशात-परदेशांत ओरड झाल्यावर सरकारने ब्रॅम यांना ब्लूमफाँटेनला भावाच्या घरी ठेवायची परवानगी दिली, तीही ते घर कागदोपत्री तुरुंग ठरवून. ८ मे १९७५ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कारांनंतर रक्षा परत करण्याची अट होती. तुरुंग खात्याने ती नेली. मुलींना ती कधीच मिळाली नाही.

नादिन गॉर्डिमर यांची ‘बर्गर्स डॉटर’ ही १९७९ ची कादंबरी अशाच एका घरातल्या मुलीची आहे. तिच्यामागे फिशर कुटुंब आहे, हे गॉर्डिमर यांनी लपवलं नाही. चास्कल्सन पुढे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ब्रॅम यांच्याविषयी बोलताना ते नेहमी एक फरक सांगत: मी माझ्या लोकांसाठी लढलो, ब्रॅम आपल्याच लोकांविरुद्ध, दुसऱ्यांच्या हक्कासाठी लढले.

वर्णभेदाविरुद्ध लढताना ज्यांची सनद गेली अशा मृत वकिलांची नावं पुन्हा यादीत घेता यावीत, यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने २००२ मध्ये वेगळा कायदा केला. त्याखाली पहिला अर्ज रूथ आणि इल्से यांचा. ऑक्टोबर २००३ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने ब्रॅम फिशर यांचं नाव वकिलांच्या यादीत परत घातलं. पुढच्या वर्षी स्टेलनबॉश विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद पदवी जाहीर केली, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी विरोध केला. विद्यापीठाने पदवी दिलीच. जोहान्सबर्गच्या उत्तर भागातल्या ज्या मोठ्या रस्त्याला वर्णभेदाचे शिल्पकार हेंड्रिक फरवर्ड यांचं नाव होतं, त्याला आता ब्रॅम फिशर यांचं नाव आहे. ब्लूमफाँटेनच्या विमानतळालाही २०१२ पासून तेच नाव आहे.